सात प्रवासी आणि एक बंद दार

मी एक जुनी उबवणी पेटी आहे. अंड्यांना ऊब द्यायची आणि त्यांतून पिल्लं बाहेर येईपर्यंत त्यांना सांभाळायचं, हे माझं काम. तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हा तर फ्रिज! चूक तुमची नाही, मित्रांनो. जन्माने मी फ्रिजच आहे.

माझी गोष्ट मला साल-महिन्यांनी सांगता येणार नाही. मला कॅलेंडर कळत नाही, फक्त गरम-गार कळतं. तेव्हा मी आकड्यांनी सांगते. मधेच गोष्ट तुटली तर रागावू नका. गार पडलं की मला धड बोलता येत नाही.

चार अंश

कारखान्यातून निघाले ती थेट एका औषधांच्या दुकानात गेले. पांढरीशुभ्र, कंबरेइतकी उंच, दाराला चकचकीत मूठ. माझ्या पोटात औषधांच्या बाटल्या असायच्या आणि त्यांना चार अंश लागायचे, ना कमी ना जास्त. दुकानदार मला रोज सकाळी फडक्याने पुसायचा. दिवसातून चाळीस वेळा तो नोकरांवर ओरडायचा, "अरे, दार लाव!" मला ते गाण्यासारखं वाटायचं. कोणीतरी आपल्यासाठी ओरडतंय, यात एक सुख असतं.

चौदा वर्षं मी गारवा दिला. मग एका उन्हाळ्यात माझा कॉम्प्रेसर आधी गुरगुरला, मग कण्हला, मग गप्प झाला.

एकोणतीस

हा आकडा माझा नव्हता. तो गल्लीचा होता. बाहेर जेवढं, तेवढंच माझ्या आत.

मला दुकानामागे उभं करून ठेवलं. कोणी माझ्यावर रिकामे डबे ठेवले, कोणी ओलं पायपुसणं वाळत घातलं. एक मांजर माझ्या डोक्यावर झोपायचं. पावसात मूठ गंजली. माझ्यात काय बिघडलं आहे, हे कोणी उघडून पाहिलंसुद्धा नाही. जवळजवळ दोन वर्षं मी काहीच नव्हते. फ्रिज नाही, कपाट नाही, अडगळसुद्धा नाही, कारण अडगळीला निदान घरात जागा असते.

मग ताई आली. ताईचं दोन इमारती पलीकडे फ्रिज दुरुस्तीचं दुकान. तिने माझा कॉम्प्रेसर काढला, पाठीवर थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अंग चांगलं आहे. आतलं आत ठेवणारं आहे." हातगाडीवर घालून तिने मला आपल्या दुकानात नेलं. महिनाभर ती माझ्या पोटात शिरून काम करत होती. दोन बल्ब बसवले, एक छोटा पंखा, ऊब मोजणारा काटा, पाण्याची वाटी, अंड्यांसाठी जाळी.

शेजारच्या दुकानातला टेलर दारात उभा राहून बघायचा.

"ताई, जन्मभर गार करत आली बिचारी. आता म्हातारपणी गरम होणार?"

"माणसांचं होतं की तसं," ताई म्हणाली. "तुझंच बघ."

साडेसदतीस

इथे जरा सावकाश सांगते. माझी चांगली वर्षं याच आकड्यावर गेली.

कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस साडेसदतीस अंश लागतात. ताई रोज तीनदा अंडी उलटायची. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे घोटाळा नको. अठराव्या दिवसानंतर मात्र उलटायचं नाही, हलवायचं नाही आणि दार उघडायचं नाही. फक्त वाट बघायची. हे शेवटचे तीन दिवस माणसांना फार जड जातात, असं मी नेहमी पाहिलं आहे.

माझ्या दाराला काच नाही. "एकदा काच बसवते," असं ताई म्हणायची आणि ते राहून जायचं. बाहेरच्या बाजूला एक लाल आकडा पेटलेला असायचा. तो वाचून सगळे समाधान मानायचे.

सात अंडी घेऊन कंडक्टर आले, तेव्हा त्या अंड्यांचा सोळावा दिवस होता. कंडक्टर म्हणजे आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. शहराच्या बसमध्ये तीस वर्षं घंटी वाजवून निवृत्त झाले, तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, गच्चीवर एक कोंबडी पाळली होती. तिचं नाव बाईसाहेब. मागच्या इमारतीतल्या कोंबड्याशी बाईसाहेबांची ओळख होती, त्यातून ही सात अंडी.

वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेतानाही त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, तिच्या खुराड्याची कडी लावत जा." कंडक्टरांनी दोन संध्याकाळी लावली. तिसऱ्या संध्याकाळी ते दवाखान्यातून दमून आले आणि विसरले.

पहाटे मांजराने डाव साधला. बाईसाहेब शेवटपर्यंत अंड्यांवरून उठली नव्हती. कंडक्टर गच्चीवर पोचले, तेव्हा अंडी अजून कोमट होती. ती त्यांनी सदऱ्याच्या ओच्यात घेतली आणि धावत खाली ताईकडे आणली.

"वहिनींना सांगितलंत का?" ताईने विचारलं.

"नाही. पिल्लं झाली की दाखवीन आणि मग सांगीन." त्यांनी ओचा आणखी घट्ट धरला. "रिकाम्या हातांनी कसं सांगू, ताई? तूच सांग, कसं सांगू?"

तेव्हापासून ते तासातासाला खाली यायचे, माझं दार उघडायचे आणि बोट दाखवत मोजायचे. "एक, दोन, तीन... सात. बरोबर." तीस वर्षं दर थांब्यावर माणसं मोजण्याची सवय. ती अशी एका दिवसात जाते होय?

"कंडक्टरसाहेब," टेलर म्हणायचा, "मधल्या स्टॉपवर कोण उतरणार आहे त्यातलं?"

अठराव्या दिवशी ताईने सक्त ताकीद दिली. मग ते माझ्यासमोर नुसते उभे राहून लाल आकडा बघायचे. एकविसावा दिवस असाच उजाडला. वहिनी दोन दिवसांनी घरी येणार होत्या.

मित्रांनो, आता माझ्या सर्वांत अभिमानाचा प्रसंग सांगते. शाळेतल्या एक बाई एकदा बदकाची बारा अंडी घेऊन आल्या होत्या, आणि काय सांगू, बाराच्या बारा—

सदतीस

वीज गेली.

दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर संध्याकाळ झाल्यासारखं काळोखून आलं होतं. एक कडकडाट असा झाला की ताईच्या फळीवरचे नट आवळायचे पाने खणखणले. कोपऱ्यावरच्या खांबावर निळी ठिणगी उडाली. माझे दोन्ही बल्ब विझले. पंखा थोडा वेळ आपल्याच नादात फिरला आणि थांबला. लाल आकडा नाहीसा झाला.

टेलर आपल्या दुकानाचं शटर ओढून आमच्याकडे आला, डोक्यावर कापडाचा तागा धरून. "माझं मशीन पायाचं आहे, मला काही फरक नाही," तो म्हणाला. "पण अंधारात बटणाची भोकं पाठीला पडायची."

वरून जिना उतरत कंडक्टर आले. त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"ताई! पेटी!"

"असू दे. फ्रिजचं अंग आहे. दार उघडलं नाही तर दोन-तीन तास सहज टिकेल."

"इन्व्हर्टर?"

"गावभराचे फ्रिज मी चालू करते, कंडक्टर. स्वतःसाठी इन्व्हर्टर घ्यायला मला सवड कुठाय?"

छत्तीस

लाल आकडा नसल्यामुळे सगळं बिघडलं. आत किती आहे हे बघायचं तर आतला काटा बघावा लागणार, आणि काटा बघायचा तर दार उघडावं लागणार.

"फक्त काटा बघतो," कंडक्टर म्हणाले.

बॅटरीचा उजेड माझ्या पोटात पडला. छत्तीस. मग त्या उजेडाबरोबर त्यांचं बोटही फिरलं. एक, दोन, तीन, चार.

"काटा बघायला सात का मोजता?" ताई ओरडली.

"चुकून गं."

मित्रांनो, ऊब दिसत नाही. ती जाताना कोणालाच दिसत नाही. मला कळते. माझ्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं, तिथून ती आधीच पाझरत होती. आता तर दार सताड उघडं. मला ओरडावंसं वाटलं, दार लाव! पण मी ओरडणार कशाने?

चौतीस

शटरखालून पाणी आत आलं. ताई आणि टेलर पुठ्ठ्यांनी ते बाहेर लोटत होते. मला उचलून टेबलावर ठेवावं, असं कंडक्टरांना वाटत होतं. "हलवायचं नाही!" दोघं एकदम ओरडले.

ताईने कंडक्टरांना वर पिटाळलं. गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरून आणायला सांगितलं. ते दोन जिने चढले, दोन जिने उतरले. चार बाटल्या. दार उघडलं, बाटल्या माझ्या तळाशी ठेवल्या. हे ठीकच होतं, हे हवंच होतं. पण दहा मिनिटांनी त्यांनी परत दार उघडलं, बाटल्या गरम आहेत का बघायला. मग परत, झाकणं नीट लागली आहेत का बघायला.

दर वेळी बाटल्यांनी दिलेलं सगळं माझ्या दारातून बाहेर जात होतं.

टेलर आपल्या दुकानात गेला आणि एक जाड लोकरीचा ओव्हरकोट घेऊन आला. कोणा गिऱ्हाइकाने शिवायला टाकला होता आणि सहा वर्षांत न्यायला आलं नव्हतं. त्याने तो माझ्या अंगावर चढवला. खांद्यावरची टेप काढून त्याने खरोखर माप घेतलं.

"छाती पासष्ट, कंबर पासष्ट, उंची बेताची. असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं मी. पोट आत घ्या म्हणायचीसुद्धा सोय नाही."

अंधारात ताई हसली. कंडक्टरही हसले. हसता हसता त्यांचा हात कोटाखालून माझ्या मुठीकडे सरकला.

बत्तीस

ताईने त्यांचा हात धरला.

"कितवी वेळ ही?"

"मोजली नाही."

"सगळं मोजता, आणि हे नाही मोजलं?"

"कळतंय गं मला!" ते एकदम तडकले आणि लगेच खाली बसले. "त्या दिवशी बघायचं होतं, तर बघितलं नाही मी. एक कडी. एवढीशी कडी, ताई. आता हात थांबतच नाही माझा."

ताईने त्यांचा हात सोडला. बाहेर पाऊस पत्र्यावर नुसता आदळत होता.

मी तरी काय बोलणार? एका हाताने वाचवायला जावं आणि त्याच हाताने गार करावं, असं मी पाहत होते. तो हात वाईट नव्हता. तो फार चांगला होता. म्हणून तर अडवता येत नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

अजून बत्तीसच

"तिचा आहे," कंडक्टर म्हणाले. "बॅटरी संपत आलीय. घेऊ का?"

"अहो घ्या की!" टेलर म्हणाला.

बाहेरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अहो, तिकडे फार कोसळतोय का हो?"

"नाही गं. म्हणजे हो. तू कशी आहेस?"

"मला काय झालंय? इथे जनरेटर आहे, टीव्हीसुद्धा चालू आहे. जेवलात का?"

"अजून वेळ आहे जेवायला."

"बाईसाहेब भिजली नाही ना?"

कंडक्टरांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"पाच दिवस झाले," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "रोज फोन केला की मागे तिचं कुकुक चालायचं. पाच दिवस नाही. मला काय कळत नाही का हो?"

"कडी राहिली," कंडक्टर म्हणाले. "माझ्याकडून राहिली."

टेलरने तोंड फिरवून घेतलं.

"अंडी?" वहिनींनी विचारलं.

"सात. ताईच्या पेटीत. पण लाइट गेलेत आणि—"

"आणि तुम्ही सारखं उघडून मोजताय."

कंडक्टरांनी माझ्या मुठीकडे पाहिलं.

"तीस वर्षं ओळखते तुम्हाला. अहो, ऐका. बाईसाहेब दिवसातून एकदा उठायची, तीही खायला. एकदाही खाली वाकून मोजलं नाही तिने. दाराला पाठ लावा आणि बसून राहा. बघू नका. नुसतं बसा. एवढं करा माझ्यासाठी."

"तू रागावलीस?"

उत्तर यायच्या आत फोन विझला.

एकतीस

ते बसले.

ओल्या फरशीवर पुठ्ठा टाकून, माझ्या दाराला पाठ टेकून. त्यांची पाठ रुंद होती. खालच्या कोपऱ्यात रबर फाटलं होतं, तिथे त्यांचा सगळा भार आला. पाझर थांबला.

ताईने शेवटच्या बाटल्या बदलल्या, त्याही कॉम्प्रेसरच्या जागी बसवलेल्या मागच्या झाकणातून. ते तिला आधी सुचलं नव्हतं.

अंधार. पाऊस. कोट.

मग माझ्या आत आवाज झाला. बारीक. चिव.

कंडक्टर ताठ झाले. "ऐकलंत?"

"अंड्यातून बोलतंय," ताई म्हणाली. "टरफल फोडायच्या आधी बोलतात."

चिव. चिव.

"एक. दोन." ते थांबले. "हा दुसरा की आधीचाच?"

"तिकीट विचारा," टेलर म्हणाला.

आवाज मोजता येत नाहीत, मित्रांनो. एकच पिल्लू दहादा बोलतं, आणि दहा पिल्लं गप्प राहू शकतात. कंडक्टर बोटं मुडपत राहिले, सोडत राहिले.

टक. टक. आतून कोणीतरी ठोकत होतं. थकत होतं. परत ठोकत होतं. मग एक आवाज बारीक झाला. आणखी बारीक. मग तो आलाच नाही.

"त्याला काहीतरी होतंय," कंडक्टर म्हणाले.

ताई कोटाला कान लावून ऐकत राहिली.

"ताई, त्याला होतंय काहीतरी. मी टरफल थोडं सोलतो. नखाने. एवढंसं."

"सोलायचं नसतं," ताई म्हणाली. "रक्त जातं त्यांचं. आणि बाकीच्यांची ऊब जाते."

"मग काय करायचं?"

"काही नाही."

त्यांनी मुठीवर हात ठेवला. माझ्या गंजलेल्या मुठीला त्यांच्या तळव्याचा घाम लागला. ताई उठली नाही. टेलरही उठला नाही. आणि मी? मला हात नाहीत. मला बल्ब आहेत, ते विझलेले. मी फक्त बंद राहू शकत होते, तेही कोणी बंद ठेवलं तर.

वीज चमकली. त्या उजेडात त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मग त्यांनी तो काढला आणि मांडीखाली दाबून ठेवला. सरळ त्याच्यावर बसले.

आकडा कोणी पाहिला नाही

वीज आली ती साडेसात वाजता. लाल आकडा पेटला. पण तो कोटाच्या आत होता आणि कोट कोणी उचलला नाही.

टेलर घरी गेला. जाताना म्हणाला, "कोट राहू दे. तिला शोभतोय."

ताईने कंडक्टरांचा फोन चार्जिंगला लावला. पाच टक्के होताच त्यांनी वहिनींना फोन केला.

"उघडलं नाही," ते म्हणाले. आधी तेच.

"किती आहेत?"

"माहीत नाही."

पलीकडून हसण्यासारखा आवाज आला, मग रडण्यासारखा, मग दोन्ही.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही गं. खरंच नाही."

"रागावलेच होते मी," वहिनी म्हणाल्या. "अजूनही आहे थोडी. जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने दार उघडलं. चार पिल्लं कोरडी होऊन एकमेकांच्या अंगावर चढत होती. दोन अंडी तशीच होती, त्यांच्यात काही हललंच नव्हतं. आणि एकाच्या टरफलाला आतून छोटं भोक पडलं होतं. त्या भोकातून चोच दिसत होती. ती हलत नव्हती.

कंडक्टरांनी ते अंडं बराच वेळ ओंजळीत धरलं.

"काल उघडलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर कदाचित हे असतं आणि ती चार नसती. किंवा पाचही नसती," ताई म्हणाली. "किंवा सगळी असती. मला माहीत नाही, कंडक्टर. खोटं का बोलू?"

मलाही माहीत नाही, मित्रांनो. ते सगळं माझ्या पोटात घडलं आणि तरीही मला माहीत नाही.

वहिनी आल्या त्या वॉकरच्या आधाराने, एकेक पाऊल मोजून टाकत. त्यांनी पिल्लं मांडीवर घेतली आणि बाईसाहेबांना कुठे पुरलं ते विचारलं. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत, असं कंडक्टरांनी सांगितलं. वहिनींनी मान हलवली. मग त्यांनी पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, त्याचं झाकण कंडक्टरांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तुम्ही लावा."

लोक आता मला बघायला येतात. "हिने वादळात पिल्लं वाचवली," असं सांगतात. हे खरं नाही, आणि इतक्या वर्षांनी मी कशाला खोटं श्रेय घेऊ? त्या संध्याकाळी मी काहीही केलं नाही. गार पडत गेले, एवढंच.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. बंद पडलं तर त्याला गल्लीत ढकलायच्या आधी एकदा मागून उघडून पाहा. चालू असेल तर त्याच्या दाराचं रबर महिन्यातून एकदा कोमट पाण्याने पुसा, फाटलं असेल तर बदला. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं कोणी केलं असतं, तर त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या माणसाला ओल्या फरशीवर वीज येईपर्यंत पाठ लावून बसावं लागलं नसतं.

पण बसावंच लागलं, तर बसा. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याला सारखं उघडून पाहू नका. त्याला आतून ठोकू द्या.